विसरलेली वचनं कुठे जातात

सांगूनही तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. बेकरीवाल्याच्या तर स्वतःच्या तोंडून घडलं, तरी तो मानत नाही. आणि प्लंबरसमोर विषय काढला की त्याला अचानक मागच्या मोरीतला नळ तपासायचा असतो. पण तुम्ही आज या वर्गात पहिल्यांदा आलात, आणि दिवसभर बस चालवता म्हणालात, म्हणजे लोकांच्या थापा ऐकायची तुम्हाला सवय असणार. वर्ग घेणाऱ्या बाई यायला अजून वेळ आहे. बसा. नाही, त्या खुर्चीवर नको, ती माझ्या बायकोची. म्हणून तर टोपी ठेवलीय वर. ती पलीकडची घ्या.

हो, खुर्च्या लहानच आहेत. चर्चमागची ही खोली खरी लेकरांची. उपासना सुरू झाली की ती इथे चित्रं रंगवतात, त्याआधी आमचा मोठ्यांचा बायबल वर्ग. गुडघे कानाला लावून बसायचं. पाळकसाहेब म्हणतात, त्याने नम्रता येते. मला तर फक्त पाठदुखी आली.

या वर्गाचा एक नियम आहे, तो आधी ऐकून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बाई दर रविवारी एक वचन पाठ करायला देतात. पुढच्या रविवारी बसल्या क्रमाने एकेकाने ते म्हणायचं. कुणी अडलं तर इतरांनी सांगायचं नाही. नुसतं थांबायचं. बाई जन्मभर नर्स होत्या. म्हणतात, “पडलेल्याला आपल्या पायाने उठू द्यावं. जो तो हात द्यायला लागला तर पाय कशाला हलतील?”

तर माझी बायको. तिला अख्खी स्तोत्रं पाठ, प्रेषितांची पत्रं पाठ, संदेष्ट्यांचे शाप पाठ. मी घरी उशिरा आलो की त्यातलाच एखादा शाप निवडून ठेवलेला असायचा. बाईसुद्धा अडल्या तर तिच्याकडे बघायच्या. आणि एका रविवारी तीच अडली. तेही मेंढपाळाच्या स्तोत्रावर, जे लहान पोरांनाही येतं. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सगळे थांबले. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बंद पडलेल्या गोष्टीजवळ मुकाट बसायची मला सवय आहे. पण त्या दिवशी हात नुसते शिवशिवत होते.

आणि तेव्हा मी पाहिलं. या डोळ्यांनी. तिच्या ओठांवरून ते स्तोत्र उठलं, त्या ट्यूबलाइटभोवती एक घिरटी घातली आणि समोर बेकरीवाला जांभई देत होता, त्याच्या तोंडात शिरलं. ज्या माणसाला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, त्याने डोळे मिटून स्तोत्र म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

“घड्याळवाले, मी ते पाठ केलं होतं. भट्टीसमोर उभा राहून, आठवडाभर.”

हाच तो बेकरीवाला. ऐका त्याचं. म्हणे पाठ केलं.

“आदल्या रविवारी वहिनी चाचपडल्या होत्या. वाटलं, पुन्हा अडल्या तर...”

बरं, बरं. तू मळायला घेतलंस की यीस्ट न घालता पीठ फुगायचं, ते कशाने, ते सांग. नाही सांगता येत ना? मग चहा पी.

पुढच्या खेपेला वंशावळ गेली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका, पानभर नावं. तिला ती एका दमात यायची. ती उडून बसली प्लंबरवर. बिचारा कुणाच्या तरी बेसिनखाली उताणा पडून पाना फिरवतोय आणि तोंडातून एकामागून एक बापांची नावं चाललीत. घरमालकीण घाबरली, तिला वाटलं हा घराला शाप देतोय. आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसली. गळती मात्र थांबली, आणि अजून त्या नळातून थेंब पडलेला नाही.

“त्या दिवशी मी रेडिओ ऐकत होतो,” प्लंबर म्हणतोय.

तुमच्याकडे रेडिओवर वंशावळी लागतात का हो ड्रायव्हरसाहेब? आमच्याकडे नाही लागत.

असं एकेक करत सगळं तिच्यातून निघालं. ज्याला जे सापडलं ते त्याने उचललं. बाईंनी नियम बदलला नाही. तिची पाळी आली की आम्ही थांबायचो. इतके थांबायचो की बाहेर रस्त्यावर भाजीची गाडी येऊन, विकून निघून जायची. माझी बायको सगळ्यांकडे बघून हसायची, पाहुण्यांकडे बघावं तसं. मग कुठूनतरी कुणीतरी तिचंच वचन म्हणायचं आणि बाई खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसायच्या. त्या वर्षी या वर्गाइतकं पाठांतर जगात कुठल्या वर्गाचं झालं नसेल. एकटी माझी बायको सोडून सगळे हुशार झाले.

“पप्पा, चहा गार होतोय.”

ही माझी मुलगी. हिचंही नाव तिच्या आईकडून गेलं. हिला ती आता “अहो नर्सबाई” म्हणते. आणि मी? मी दुकानदार. सकाळी तिच्या समोर कप ठेवला की अदबीने विचारते, “आमचं घड्याळ झालं का हो?”

मी म्हणतो, “उद्या या.”

दुसरं काय म्हणणार? रोज म्हणतो. सगळं सुटं करून मेजावर मांडता येतं असं यंत्र असतं तर भिंग लावून बसलो असतो. तिथे काही उघडायला झाकणच नाही.

आता खरी गोष्ट. नव्या नवलाईच्या दिवसांत तिने मला एक नाव ठेवलं होतं. चारचौघांत ते कधी घेतलं नाही, दार लावल्यावरच. दुकानातल्या आवाजावरून ठेवलेलं आहे, एवढंच सांगतो. पुढचं नाही सांगणार. सांगितलं तर तुमच्यापैकी कुणीतरी गमतीने म्हणेल, आणि मग मला कळणार नाही ते कुठून आलं.

हिशेब लक्षात येतोय ना? तिच्यातून जे जातं ते कुणावर तरी जाऊन बसतं. स्तोत्र याच्यावर, वंशावळ त्याच्यावर. पण ते नाव अजून कुणाच्याच तोंडी आलेलं नाही. म्हणजे ते आत आहे. तळाशी, सगळ्यांत शेवटी राहिलेलं. म्हणून मी एकही रविवार चुकवत नाही. बेकरीवाला तोंड उघडतो तसा मी पुढे वाकून त्याच्या ओठांकडे बघतो. प्लंबरला शिंक आली तरी मी खुर्ची घट्ट धरतो. लोक म्हणतात, म्हातारा कसा भक्तिभावाने ऐकतो. मी वचन ऐकतच नाही, साहेब. ते नाव आलं नाही, एवढंच ऐकतो आणि घरी जातो.

हसा, हसा. मी सांगितलंच होतं.

पण गेल्या रविवारचं ऐका आणि मग हसा. इथे, या खुर्चीवर ती बसली होती. टोपी माझ्या मांडीवर. निळा स्वेटर, केस नीट बसवलेले. क्रमाने पाळी तिच्यापर्यंत आली. सगळे थांबले. बेकरीवाल्याने तर बोटांनी ओठ धरून ठेवले, न जाणो काही येऊन शिरायचं. बाहेर भाजीची गाडी आली, गेली. आणि ती माझ्याकडे वळली. गिऱ्हाईक बघतं तशी नाही. दिवसभर दुकानात बसून आलेल्या नवऱ्याकडे बघावं तशी. थोडी वैतागलेलीच. आणि सगळ्या वर्गासमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत, तिने मला त्या नावाने...

“पप्पा.”

थांब गं जरा, शेवट आहे.

“पप्पा, गेल्या रविवारी मम्मी इथे नव्हती. ही खुर्ची रिकामीच होती. मी घरी तिच्याजवळ होते. ती आता अंथरुणावरून उठत नाही, आणि बोलणंही थांबलंय तिचं. आज तिच्याजवळ मावशी बसलीय म्हणून मीही तुमच्याबरोबर आले.”

बेकरीवाला ट्यूबलाइटकडे बघतोय. प्लंबर आज नळ बघायला उठला नाही. मुलीने खुर्चीवरची टोपी उचलली, माझ्या हातात दिली आणि स्वतः तिथे बसली, गुडघे कानाला लावून. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

“पुरे आता, टिकटिकराव.”