गोल्फच्या कुंपणालगतची खानावळ

ही खानावळ एसेनगुलला सापडली ती भुकेपोटी नव्हे. त्या दिवशी एका परदेशी पाहुण्याला टॅक्सीने गोल्फच्या मैदानावर सोडून तो माघारी वळतच होता, तेवढ्यात रशियातून फोन आला. नोवोसिबिर्स्कला बांधकामावर असलेला पुतण्या, एर्मेक, परांचीवरून पडून मेला होता. गाडी कुंपणाला लावून, पाणी मिळेल म्हणून एसेनगुल शेजारच्या बसक्या घरात शिरला. आत सहा मेजे, त्यांवर स्वच्छ पांढऱ्या चादरी, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. मालकीण दामिरा. तिचा नवरा मैदानाचे गवत कापायचा. खेळणारे श्रीमंत लोक पलीकडे काचेच्या हॉटेलात जेवत. इथे माळी, ड्रायव्हर, पहारेकरी येत. दामिराने पाणी दिले, मग न विचारता चहा दिला, आणि पैसे इतके थोडे सांगितले की त्याही अवस्थेत त्याला नवल वाटले.

त्याच वेळी त्याच्या मनात आले, की साल्किनला इथेच आणावे.

साल्किन म्हणजे त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको, एर्मेकची आई. तिला अजून काही कळले नव्हते. शव दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने बिश्केकला यायचे होते, आणि त्याआधी तिला सांगायला हवे होते. पण आईच्या तोंडावर 'मेला' हा शब्द फेकायचा नसतो. थोरांनी तिला मध्ये घेऊन बसायचे, पोटात दोन घास जाऊ द्यायचे, आणि मग बोलण्यात मुरलेल्या म्हाताऱ्याने घोड्याच्या, ससाण्याच्या गोष्टी सांगत तिला हळूहळू त्या कड्यापाशी न्यायचे. एसेनगुलच्या आईवडिलांना मरणाच्या बातम्या अशाच मिळाल्या होत्या. पण ते गाव होते, घर आपले होते. साल्किन शहरात एका शिलाई कारखान्याच्या मागच्या खोलीत चार बायकांबरोबर राहायची. तिथे भिंत म्हणजे पुठ्ठा. एकीने हुंदका दिला की सगळ्यांना ऐकू जायचा.

कारखान्यातल्या पोरींना दुसऱ्या दिवशी सकाळीच कळले. त्यांनी "बॅटरी जळली, दुरुस्तीला देतो" म्हणून तिचा मोबाइल काढून घेतला. एवढी अक्कल त्यांना होती.

दुपारी एसेनगुल गाडी घेऊन गेला. शेजारी त्याची बायको झूरा, मागे तोलोमुश म्हातारा. बोलण्यात त्याचा हात धरणारा त्या तालुक्यात कोणी नव्हता. साल्किन दारातच उभी होती. नवा निळा रुमाल बांधलेला, ओठांवर हलकी लाली. 

"काय हो आके, आज थोरामोठ्यांची वरात?" ती मागच्या सीटवर बसत म्हणाली. थोरल्या दिराचे नाव सुनेने घ्यायचे नसते, म्हणून ती त्याला पंचवीस वर्षे 'आके', म्हणजे दादा, म्हणत आली होती. "तोलोमुश बाबासुद्धा! म्हणजे काम मोठं दिसतंय. आता सांगून टाका, मुलगी कुणाची?"

झूराने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"कळतंय हो मला. म्हातारं माणूस मध्ये घालून कुणी नुसतं जेवायला बोलवत नाही. एर्मेकनं गेल्या आठवड्यात फोनवर हसत हसत विचारलं होतं, आई, सून कशी हवी? मी म्हटलं, शिवणकाम येत नसलं तरी चालेल, जीभ आखूड असली म्हणजे झालं."

झूराने खिडकीबाहेर तोंड फिरवले. तोलोमुशने दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "आधी पोटोबा, पोरी. रिकाम्या पोटी सांगितलेली गोष्ट टिकत नाही."

"तुमची गोष्ट तर भरल्या पोटीही संपत नाही, बाबा," साल्किन म्हणाली आणि स्वतःच हसली.

खानावळीत शिरल्यावर तिने सगळीकडे नजर फिरवली. कुंड्यांना हात लावला. चादरीची शिवण उलटून पाहिली, सवयच ती. खिडकीबाहेर हिरवेगार गवत डोंगरापर्यंत पसरले होते आणि पांढऱ्या टोप्या घातलेले चारपाच लोक एका चेंडूभोवती उभे होते.

"अगं बाई, एवढं गवत आणि एक मेंढी नाही? हे लोक करतात तरी काय?"

"चेंडू भोकात घालतात," एसेनगुल म्हणाला.

"आणि मग?"

"मग बाहेर काढतात."

ती पोट धरून हसली. दामिरा गरम पाव आणि चहा घेऊन आली, तेव्हा साल्किनने तिला शेजारीच बसवून घेतले. लग्नाचे जेवण इथे होईल का, अंगणात मांडव घालता येईल का, माणसामागे काय घेशील. दामिरा आकडा बोलली. साल्किनने झूराच्या मांडीवर थाप मारली; थोरल्या जावेला ती 'एजे', म्हणजे ताई, म्हणायची.

"ऐकलंत, एजे? शहरात एवढ्यात नुसतं सलाड देतात! आके, ही जागा तुम्ही शोधलीत? देव तुमचं भलं करो. पोरगा गर्दीच्या हॉलला घाबरतो. इथं त्याला आवडेल. वसंतात आला ना, की आधी इथंच आणते, बघून घे म्हणते बाबा."

एसेनगुलने तोलोमुशकडे पाहिले. आता, असे डोळ्यांनीच सांगितले. म्हाताऱ्याने घसा खाकरला, चहाचा वाडगा उचलला, खाली ठेवला. इतक्या मरणांच्या बातम्या त्याने सांगितल्या होत्या, पण हसत असलेल्या आईला कधी सांगितली नव्हती. घरी आई थोरांना जमलेले पाहूनच अर्धी समजून घेते. पुढचे शब्द नुसते टेकू असतात. इथे तर तिने सगळे उलटेच समजून घेतले होते. ही चूक एसेनगुलची होती. खानावळीत बोलावणे म्हणजे आनंदाचेच, असे आजकाल कोणीही धरून चालेल.

दामिराने उकडलेल्या मटणाची परात आणून एसेनगुलसमोर ठेवली. यजमान तो, वाटणी त्याने करायची. कोणते हाड कुणाला, हे बाळपणापासून अंगात भिनलेले असते, हात आपोआप चालतो. खुब्याचे मोठे हाड त्याने तोलोमुशच्या ताटात ठेवले. मग शेपटीकडचे चरबीदार हाड उचलले. ते बसलेल्या बायकांत थोरलीचे. ते झूराचे. साल्किन धाकटी जाऊ, तिला बरगडी.

त्याने डोके वर केले तेव्हा साल्किन खिडकीतून त्या चेंडूवाल्यांकडे बघत होती, आणि तिच्या कानामागून नव्या रुमालाच्या किमतीची चिठ्ठी लोंबत होती. काढायची राहिली होती. एसेनगुलचा हात झूराच्या ताटावरून पुढे गेला आणि ते हाड त्याने साल्किनच्या ताटात ठेवले.

ठेवताच त्याला कळले, रांग मोडून असा मान दुःखातल्या माणसालाच देतात. पण दिलेले हाड परत घ्यायचे नसते.

साल्किनने ताटाकडे पाहिले. आधी तिला गंमत वाटली. "आके, चष्मा विसरलात का? हे एजेचं."

झूराने आपले रिकामे ताट पुढे केले नाही, हूं की चूं केले नाही. एरवी मानाच्या हाडावरून लग्नात भांडलेली बाई ती. साल्किनने तिच्याकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे, मग दिराकडे. तिचे हात मांडीवर गेले.

"मला का मान देताय?" तिने विचारले. आवाज अगदी हळू होता. "मी असं काय गमावलंय?"

आता कुठे तोलोमुशला वाचा फुटली. "पोरी," तो म्हणाला, "डोंगरात एक ससाणा होता. पाळणाऱ्याचा हात किती घट्ट असला तरी ज्याचं आकाश त्यालाच..."

"ससाणा नको, बाबा."

"ऐकून तर घे. नदीच्या पलीकडे गेलेलं शिंगरू..."

"शिंगरू नको!" तिने मेजावर हात आपटला. चहा सांडला. "आके, तुम्ही सांगा. तुमच्या भावाच्या पोराचं आहे ना? सरळ सांगा."

एसेनगुलने आयुष्यात कधी रीत मोडली नव्हती. "परवा," तो म्हणाला. "परांची तुटली. जागच्या जागी गेला. आज संध्याकाळी विमानानं आणतायत."

साल्किन उठली. मागे सरली. गेलेल्यासाठी रडताना बाईने लोकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचे असते. इथे त्या बाजूला भिंत नव्हती, खिडकी होती. तिने खिडकीकडे तोंड केले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि विलापाचे गाणे लावले. पोरा, तुझा कोट मी सैल शिवला, वाढशील म्हणून. पोरा, तू उंचीला घाबरायचास, कुणी रे चढवलं तुला. झूरा धावत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि सुरात सूर मिळवला. कोपऱ्यातले दोन माळी जेवण तसेच टाकून उठले. मनात दुआ म्हणून, चेहऱ्यावरून हात फिरवून बाहेर पडले.

पुरुषाने बाहेर उभे राहून मोठ्याने रडायचे असते. एसेनगुल बाहेर आला. टेकायला काठी नव्हती म्हणून त्याने कुंपणाचा खांब धरला. "भावाच्या लेका, माझ्या लेका रे!" त्याचा आवाज त्या मोकळ्या गवतावरून लांबवर गेला. पांढऱ्या टोप्यांनी माना वळवल्या.

एक तरुण पहारेकरी पळत आला. "अहो काका, हळू! चेंडू मारताना शांतता लागते त्यांना. माझी नोकरी जाईल."

"मयत झालंय," एसेनगुल म्हणाला.

पहारेकऱ्याने टोपी काढली. खेळणाऱ्यांकडे पाहिले, खिडकीतल्या दोन बायकांकडे पाहिले. "कोण?"

"पुतण्या."

पोराने तोंडावरून हात फिरवला, टोपी परत घातली आणि मान खाली घालून निघून गेला. जरा वेळाने चेंडू मारल्याचा ठक् असा आवाज आला.

एसेनगुल आत गेला तेव्हा विलाप थांबला होता. झूराने पिशवीतला काळा रुमाल काढून साल्किनच्या डोक्याला बांधला होता. निळा दामिराच्या हातात होता. तोलोमुश मेजावरच्या सांडलेल्या चहाकडे बघत बसला होता. तो एवढ्यात फार म्हातारा दिसू लागला होता.

"बस जरा," एसेनगुल म्हणाला. "पाणी घे. विमानाला अजून वेळ आहे."

"बसू कशाला?" साल्किनचा आवाज बसला होता. "तिथं सामानासारखं काढून ठेवतील त्याला. कुणीतरी हजर पाहिजे." ती दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी तिचे पाऊल अडखळले, झूराने दंड धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

एसेनगुलने गाडी सुरू करून विमानतळाकडे वळवली.