परतूरच्या तलावावरची नाव

मित्रांनो, परतूरच्या बाहेर तलावाच्या काठी, लिंबाखाली एक लाकडी नाव उपडी पडलेली असते. तिच्या पाठीवर बसून तुम्ही बोरे खाता आणि बिया पाण्यात फेकता. ती मी. माझा रंग उडाला, कडा झिजल्या, पण स्वस्थ पडून राहणे मला अजून जमलेले नाही. वारा सुटून पाण्याचा वास आला की माझ्या फळ्या आतल्या आत कुरकुरू लागतात.

मला साहेबराव मिस्तरींनी १९८४ साली घडवले. ते बैलगाड्या करणारे. नाव त्यांनी त्याआधी कधीच केली नव्हती. ते गोदावरीकाठच्या नावाड्यांकडे जाऊन राहिले, त्यांच्या नावा हातांनी चाचपून पाहिल्या आणि परत येऊन सागवान कापायला बसले. सांध्यांत त्यांनी काथ्या ठोकला, वर राळ चोपडली. पहिल्यांदा पाण्यात लोटल्यावर मी एका अंगाला कलले आणि काठावरचे लोक खो खो हसले. साहेबरावांनी मला काठावर ओढले. आतल्या बैठका उखडून त्यांनी पुन्हा बसवल्या. दुसऱ्यांदा मी सरळ उभी राहिले, तेव्हा टाळ्याही त्याच लोकांनी वाजवल्या.

गावातल्या हौशी लोकांनी मग एक नौका मंडळ काढले. सकाळी सकाळी मी पाण्यात असे. साहेबराव सुकाणू धरत. त्यांच्या समोर चार जण वल्ही मारत, आणि त्यांत सर्वांत जवळ बसे देवानंद. त्याच्या वल्ह्याचा ताल बाकीचे तिघे धरत. तो टेलिफोन दुरुस्तीचे काम करी. त्याचे वल्हे पाण्यात असे पडे, की मला माझे वजनच जाणवत नसे. ते दिवस आठवले की अजूनही उठून पळावेसे वाटते.

पुढे देवानंदने मुंबईहून एक छोटा संगणक आणला. मी तो कधी पाहिला नाही, पण त्याच्या तोंडून रोज ऐकला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा, लाइट गेली की केलेले सगळे पुसले जायचे. वल्हे मारता मारता तो संगणकाचेच बोले. हळूहळू त्याचा ताल चुकू लागला.

"देवा, ध्यान कुठंय तुझं?" साहेबराव विचारत.

"इथंच आहे की भाऊ."

"इथं न्हाई. हात इथं हायेत फक्त."

देवानंदची बायको सत्यशीला शाळेत शिक्षिका होती. एके सकाळी ती तडक काठावर आली. "जयभीम, बाई," साहेबराव म्हणाले, "आज इकडं कशा?"

"यांना बघायला आले," ती म्हणाली. "घरी असतात तवा पाण्याचं बोलतात. पाण्यावर तरी असतात का, ते बघते. मलाबी शिकवा वल्हं मारायला."

साहेबराव हसले आणि त्यांनी तिच्या हाती वल्हे दिले. ती लवकर शिकली. पोहणे मात्र तिला अजून नीट येत नव्हते.

त्याच सुमारास देवानंदच्या डोक्यात एक कल्पना आली. वल्ह्याला लोहचुंबक बांधायचे आणि जवळ तारांचा एक डबा ठेवायचा. वल्हे फिरले की डब्यावर आकडा वाढेल. ते आकडे घरी नेऊन संगणकावर उतरवायचे, म्हणजे टीव्हीवर रेघ उमटेल आणि ताल कुठे चुकतो ते दिसेल. डबा हलू नये म्हणून त्याने माझ्या तळाला भोक पाडून बोल्ट आवळला. मित्रांनो, मला फार दुखले. तरी मला वाटले, आता हा माझ्याकडे परत येईल.

तसे झाले नाही. त्याचे डोळे सदा त्या डब्यावर. एक दिवस त्याला डबा थोडा पुढे सरकवायचा होता. त्याने जुना बोल्ट काढला, नवीन जागी आवळला आणि जुन्या भोकात चिंधी कोंबली. "उद्या राळ भरतो," असे स्वतःशीच म्हणाला आणि आकडे घेऊन घाईघाईने घरी पळाला.

दुसऱ्या दिवशी राळ भरायचे राहून गेले. मला बोलता येत असते तर मी ओरडले असते. मी नुसती लाटांवर इकडून तिकडे डोलत राहिले. अडतीवर काम करणारा भुजंग म्हणालाही, "आज नाव लई चुळबुळ करून राह्यली." पण वारा असेल म्हणून सगळे बसले.

तलावाच्या मध्यावर सत्यशीला म्हणाली, "अहो, माझे पाय भिजले."

"शिंतोडे असतील," देवानंद डब्याकडे पाहत म्हणाला. "बघ, ताल कसा बराबर पडून राह्यलाय!"

तेवढ्यात चिंधी निघून पाण्यावर तरंगत आली.

पाणी भराभर आत शिरले. मी लाकडाची, म्हणून तळाला गेले नाही, पण कडांपर्यंत बुडाले आणि सगळी माणसे पाण्यात पडली. "नाव सोडू नका!" साहेबराव ओरडले. सगळ्यांनी मला धरले. सत्यशीलाचा हात मात्र निसटला. ती एकदा वर आली आणि पुन्हा दिसेना. देवानंदने डब्याकडे पाहिलेही नाही, माझी कड सोडली आणि बुडी मारली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो वर आला तेव्हा त्याच्या मुठीत तिची वेणी होती. साहेबरावांनी दोघांना ओढून माझ्या कडेला लावले. ती खोकली, तेव्हा देवानंद लहान मुलासारखा रडू लागला.

काठावर आल्यावर साहेबराव त्याला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. त्यानंतर देवानंदने मंडळात येणे सोडले. कधी तो संध्याकाळी येई, माझ्याभोवती फेऱ्या मारी, त्या भोकाला बोट लावी आणि निघून जाई. मी तशीच काठावर वाळत पडले. कोणी म्हणाले, नाव अपशकुनी आहे, फोडून सरपण करा.

मग एके दिवशी सत्यशीलाच नवऱ्याला आणि साहेबरावांना घेऊन माझ्यापाशी आली.

"हे भोक बुजवा," ती म्हणाली. "मला परत बसायचंय."

देवानंद दचकला. "तू? त्या नावेत?"

"मी बुडाले, मीच बसणार. अन् तुमचं घरी काय चाल्लंय, ते भाऊंना सांगते. संगणक चालू करता, बंद करता. खिडकीतून बघता. इथं येता, परत जाता. दोन्ही ठिकाणी तुम्ही न्हाईच."

देवानंद खाली मान घालून म्हणाला, "मी मंग एक सोडतो."

"सोडायला कोण म्हणलं?" साहेबराव पहिल्यांदा बोलले. "ज्या दिवशी वल्हं धरशील, त्या दिवशी वल्हं धर. ज्या दिवशी यंत्रापाशी बसशील, त्या दिवशी तुला कुणी हाक मारणार न्हाई. तुझ्या जागी बाई बसतील."

त्यांनी सागाची खुंटी तासली, देवानंदने ती स्वतःच्या हाताने ठोकली आणि राळ भरली. तिला अजून एक थेंब पाझर नाही.

त्या हिवाळ्यात तलावावर बाहेरगावच्या संघांशी शर्यत ठरली, आणि नेमक्या त्याच दिवशी औरंगाबादला संगणकाच्या हौशी लोकांचा मेळावा होता. देवानंद आदल्या दिवशी काठावर येऊन घुटमळत राहिला. साहेबराव म्हणाले, "जा बिनघोर. पण मन इथं ठेवून जाऊ नको. ते बी घेऊन जा."

तो गेला. सत्यशीलाने ताल धरला. आमच्यामागे एकच नाव राहिली, तरी भुजंगने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी देवानंद आला आणि मेळाव्याबद्दल एक अक्षर न बोलता वल्हे मारू लागला. साहेबराव नुसते समोर पाहत होते. आम्ही तलाव ओलांडला तेव्हा कळले, की तेवढ्या वेळात कोणीच काही बोलले नव्हते.

पुढे दुष्काळाची वर्षे आली, तलाव आटला, मंडळ पांगले. साहेबराव आता नाहीत. देवानंद आणि सत्यशीला लेकीकडे पुण्याला गेले. यंदा तलावात पुन्हा पाणी आहे, पण कोणी येत नाही. गावात संगणकाची दुकाने झाली आहेत आणि तुम्ही सगळे तिथे असता. असा जरूर, मित्रांनो. मला त्याचा राग नाही. फक्त तिथून उठलात की एखाद्या सकाळी इकडेही या. आधी माझ्या तळावरून हात फिरवा, फळी न् फळी तपासा, जिथे काथ्या सुटला असेल तिथे नवा ठोका. "उद्या करू" म्हणू नका. मग मला सरळ करा आणि पाण्यात लोटा. पाणी इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि मला ते रात्रंदिवस ऐकू येते.