राघूचा डोळा

मार्गशीर्षातले मऊ, मधुवर्णी ऊन तासगावच्या द्राक्षमळ्यांवर उतरले होते. पानापानांतून पाझरत, मांडवाच्या तारांवरून ओघळत ते अनसूयेच्या सोप्यात आले आणि पायमशीनच्या काळ्याभोर, कमनीय मानेवर क्षणभर टेकले.

अनसूया. असूया जिला शिवत नाही ती. बारशाला आत्याने कानात कुर्र करून सांगितलेले ते निर्मळ नाव. आणि त्याच नावाच्या आड, निळ्या, निमुळत्या ज्योतीसारखी वर्षानुवर्षे जळत राहिलेली एक आग. मृणालच्या नावाने जळणारी.

दोघी मैत्रिणी. एकाच वर्गात मशीनवरचे भरतकाम शिकल्या, आणि जांभळ्या रेशमी साडीच्या पदरावर दोघींनी एकच नक्षी उतरवून घेतली : उललेली डाळिंबे, डाळिंबांवर झुकलेले राघू. मृणालचे राघू आधी पुरे झाले. बाईंनी तो पदर साऱ्या वर्गासमोर उंच धरला. "पोरींनो, याला म्हणतात हात!"

टाळ्या वाजल्या. अनसूयेनेही वाजवल्या. घरी येऊन तिने आपला अर्धामुर्धा पदर घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. त्यावरच्या एकुलत्या राघूला पंख होते, चोच होती, डोळा नव्हता.

मग लग्न आले, लेकींची परकर-पोलकी आली, गावभरच्या बायकांचे ब्लाऊज आले. मशीन धावत राहिले. मृणालच्या सांगलीतल्या भरतकामाच्या दुकानाच्या, तिच्या झळाळत्या नावाच्या वार्ता येत राहिल्या. आणि वार्तेगणिक ट्रंकेचे झाकण जड, अधिक जड होत गेले.

आणि आता मृणालचा फोन. "अनू, पुढच्या महिन्यात तुमच्या गावात लग्नाला येतेय. तुझ्याकडचा चहा घेतल्याशिवाय जायची नाही हं!"

फोन ठेवला आणि अनसूया उठली, ती थेट ट्रंकेकडे गेली.

लाकडी रिंगेत रेशीम ताठ झाले. पायाखाली पट्टी झुलू लागली, चाक घुमू लागले. पोपटी, शेवाळी, पाचूहिरवे धागे पंखांत पसरले. माणिकलाल, रक्तलाल धागे दाण्यादाण्यांत गोठले. आणि सुईच्या त्या अविरत, अधीर टकटकीतून एकच मंत्र उमटत राहिला : जळू दे. बघू दे तिला. बघून जळू दे.

"अगं, भाकरी गार झाली," तिचे यजमान दिनकरराव म्हणाले. "कुणासाठी एवढा जीव काढतेस?"

"माझ्यासाठी." उत्तर ओठांवर आले आणि तिथेच टोचले. खोटे होते ते.

शेवटी उरला डोळा. काळ्या धाग्याचा एक वाटोळा थेंब, त्यात शुभ्र टाक्याचा एक कण. सुई थांबली. राघूने डोळा उघडला आणि तिच्याकडे पाहिले. अनसूया दचकली. इतक्या कडवट मनातून इतके निरागस पाखरू कसे आले?

मृणाल आली. जरीकाठी, अत्तरगंधी, हसरी. बाजेवर पसरलेला पदर दिसताच तिचे हसू थबकले. बाई करायच्या तसे तिने आधी कापड उलटून पाहिले. मागे कुठे गाठ नाही, कुठे सुटा धागा नाही. तिचे ओठ पांढुरके झाले. आणि अनसूयेने तो चेहरा तत्काळ ओळखला. आरशात कितीदा पाहिला होता तिने तो!

"माझ्याकडे सगळं कॉम्प्युटरवर होतं आता," मृणाल पुटपुटली. "पोरी बटण दाबतात. माझ्या हाताला कंप सुटलाय गं. असा डोळा मला या जन्मी जमायचा नाही." मग जरा थांबून, "मला देशील हा? दुकानात दर्शनी काचेत लावते. तुझ्या नावानं."

"नाही."

शब्द सुटला आणि अनसूयेच्या अंगभर एक गाढ, गोड, गुलकंदी तृप्ती पसरली. लाज वाटली तिला त्या गोडीची. तरी ती गोडी तिने पुरती चाखली, चवीचवीने चाखली.

चहा आला. मृणालने कपबशी उचलली, आणि बशीत कप किणकिणू लागला. वर आलेली बशी खाली ठेवता येईना, ओठांना लावता येईना. काठावरून चहा हिंदकळला, दोघींच्या मध्ये बाजेवर पसरलेल्या रेशमाच्या अगदी वर.

अनसूयेचा एक हात रेशमाकडे झेपावला, रेशमावर पालथा पसरला. दुसरा, तिला न विचारता, मृणालच्या थरथरत्या मनगटाखाली गेला.

जो हात जिथे गेला, तिथेच राहिला. किणकिण मंद झाली, मंदतर झाली, शमली. आणि कपातल्या तांबूस चहावर सायीची एक सुरकुती थरथरली, पसरली, स्थिरावली.