दिवसाच्या शाळेतली दुर्बीण

मित्रांनो, मी दुर्बीण आहे. जुनी आहे, आणि दुकानातून आलेली नाही, घरी बनवलेली आहे. लोणावळ्याच्या बाहेर, पवनेच्या खोऱ्याकडे तोंड करून मुलींची एक शाळा उभी आहे. तिच्या गच्चीवरच्या छोट्या खोलीत मी राहते.

माझा जन्म तळेगावच्या एका बाल्कनीत झाला. सुहासकाका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांना आकाशाचं वेड लागलं. काचेची एक जाड चकती दुसऱ्या चकतीवर ठेवायची, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालायचं आणि घासत राहायचं. त्यातूनच माझा आरसा घडला. माझी पहिली आठवण म्हणजे तो खरखर आवाज आणि त्यावर काकूंचं बोलणं, "अहो, जेवायला या. चंद्र काही कुठं पळून जात नाही!"

आरसा झाला, पांढरं नळकांडं झालं, लाकडी बैठक झाली. पहिल्या संध्याकाळी काकांनी मला चंद्राकडे वळवलं आणि भिंगाला डोळा लावला. त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. मी माणसांना डोळ्यांवरून ओळखते. चेहरा मला कधी नीट दिसत नाही, पण टेकलेला डोळा सगळं सांगून जातो. काकांचा डोळा त्या दिवशी ओला होता.

त्यांची नात या शाळेत शिकत होती, म्हणून त्यांनी मला शाळेला भेट दिलं. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. पण मित्रांनो, ही पडली दिवसाची शाळा. सकाळी बस येतात, ऊन कलायच्या आत परत जातात. इथल्या मुलींना पुढे मोठ्या कॉलेजांत जायचं असतं, त्यामुळे त्यांचा सगळा दिवस परीक्षांच्या तयारीत जातो. तारे उगवतात तेव्हा शाळेत फक्त वॉचमन आणि त्याचा रेडिओ. पावसाळ्यात तर ढग वर्गातच येऊन बसतात. रात्रीच्या कामाची मी, दिवसाच्या शाळेत काय करणार? काही वर्षांनी मला लेझीम आणि ढोलांच्या खोलीत ठेवलं. आरशावर धूळ बसली, नळकांड्यात कोळ्यानं घर केलं. मी अंधारात पडून चंद्राची स्वप्नं बघत असे. तो खरंच एकदा पाहिला होता की तेही स्वप्नच, हेसुद्धा हळूहळू सांगता येईना.

मग विज्ञान शिकवायला तेजल मॅडम आल्या. ढोल शोधता शोधता त्यांचा हात मला लागला. त्यांनी मला झाडलं, आरसा पाण्यानं हलकेच धुतला आणि गच्चीवर नेलं. "रात्र नाही तर नाही," त्या म्हणाल्या, "दिवसाही बघण्यासारखं पुष्कळ आहे."

आणि आठवीच्या मुली माझ्यातून तिकोना किल्ला बघू लागल्या. माझ्यात सगळं उलटं दिसतं. किल्ला टोक खाली करून लोंबतो, पवनेचं पाणी वर, आभाळ खाली. मुली खिदळायच्या. शाळेतला खरा दंगा मी पहिल्यांदा ऐकला.

त्यांच्यात हिरी होती. तिकोन्याच्या उतारावरच्या ठाकरवाडीतली. दरवर्षी आसपासच्या गावांतल्या काही मुलींना शाळा घेते, त्यांतली ती एक. वाडीतून डोंगर उतरून पायथ्याच्या तिकोना पेठ गावात यायची आणि तिथून बस पकडायची. पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गात उत्तर दिलं, "न्हाई मॅडम, मला ठावं हाय," आणि वर्ग हसला. सगळ्यात आधी हसली राजेश्वरी, पेठेतल्या बागायतदारांची मुलगी. तेव्हापासून हिरी नुसती मान हलवायची.

मधल्या सुट्टीत मात्र ती रोज वर यायची. तिचा डोळा लवत नसे. ती किल्ला बघत नव्हती, किल्ल्याखालची आपली वाडी बघत होती. उलट्या अंगणात उलटी आई धान्य पाखडायची. धाकटी छकुली डोकं खाली करून कोंबड्यांमागं पळायची. चुलीचा धूर संथपणे खाली वाहायचा, जणू वाडी पाण्याच्या तळाशी आहे. मलाही ते बघताना गुंगी यायची. एकदा हिरी अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मी पुढच्या वरसाला न्हाई यायची." मॅडमनी कारण विचारलं, तर तिनं पुन्हा वाडीकडे डोळा लावला.

तो दिवस मार्चमधला. डोंगर वाळून पिवळे पडले होते. मुली गच्चीवरच्या खोलीच्या सावलीत डबे खात होत्या. हिरीनं डोळा लावला आणि तिची पापणी थरथरली. वाडीच्या वरच्या गवतातून एक धूर खाली सांडत होता, आणि तो चुलीचा नव्हता. त्याच्या मुळाशी नारिंगी रेघ हलत होती. अंगणात छकुली एकटीच बसली होती.

"मॅडम!" हिरी ओरडली. इतका मोठा आवाज तिच्यातून निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. "वणवा! आमच्या वाडीवं वणवा चाललाय! समदी मान्सं धरणाकडं कामाला गेल्यात, छकुली एकलीच हाय तितं!"

तेजल मॅडमनी धावत येऊन बघितलं. त्यांचा डोळा गोंधळला. "हिरी, वाडीत कुणाचा फोन आहे?"

"रेंज न्हाई, मॅडम. कुनाचाच लागत न्हाई."

तेवढ्यात राजेश्वरी डबा टाकून उठली. "मॅडम, तुमचा मोबाईल द्या. माझा काका पेठेत असतो." तिनं नंबर दाबला आणि पलीकडून आवाज येताच तिची शाळेतली भाषा गळून पडली. "पप्पूकाका, आरं मी बोलतीया, राजी! ठाकरवाडीवं वणवा आलाय! तितं ल्हान पोरगी हाय एकली. जीप काढ, आन चार मान्सं घे संगं. आरं इचारत काय बसलायस, पळ!"

कुणीही हसलं नाही.

मग सगळ्यांसाठी बघायचं काम हिरीचं. ती बोलत होती, बाकीच्या ऐकत होत्या. जीप दिसली. चढ आला, जीप थांबली, माणसं पळत सुटली. त्यांनी ओल्या फांद्या तोडल्या आणि रेघेवर झोडपू लागली. मला ती माणसं आभाळाला पाय लावून आग विझवताना दिसत होती. एकजण अंगणात शिरला. "काकानं उचालली तिला," हिरी म्हणाली. "खांद्यावं घेतली. रडत न्हाई ती, जीपकडं बघतीया."

गोठा आणि पेंढ्याची गंजी जळाली. घरं वाचली. धूर विरला तेव्हा हिरीचा डोळा माझ्यापासून सुटला, आणि ती राजेश्वरीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. राजेश्वरी एवढंच म्हणाली, "मी घरी अशीच बोलते गं. हितं लाज वाटती."

आठवड्याभरानं हिरीचे वडील, कान्हूभाऊ, शाळेत आले. टोपी हातात घेऊन गच्चीवर उभे राहिले. मॅडमनी त्यांना माझ्याजवळ नेलं. त्यांनी डोळा लावला आणि वाडी सुलटी दिसावी म्हणून आपलीच मान वाकडी केली. मुली गालात हसल्या, पण त्या हसण्यानं कुणी दुखावलं नाही.

"असं उफराटं का दावती ही?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी हिरीला पुढे केलं. मग हिरीनं हवेत बोटानं रेघा काढून सांगितलं, उजेड आरशावर कसा पडतो, त्याचे किरण कुठं एकमेकांना छेदतात. आपल्याच बोलीत, सगळ्या वर्गासमोर. कान्हूभाऊंना किती समजलं कोण जाणे. ते लेकीच्या बोटाकडेच बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या वाडीवरनं तुमची साळा दिसंल का हिच्यातनं? हिची आय रोज इचारती, पोरगी कुटं जाती म्हनून."

तर मित्रांनो, एका शनिवारी दुपारी शाळेची बस मला घेऊन तिकोना पेठेत गेली. तिथून वर मला कान्हूभाऊंनी खांद्यावरून नेलं. वाडीच्या अंगणात बैठक मांडली. हिरीच्या आईनं पदर सावरून डोळा लावला. खोऱ्यापलीकडे शाळेची गच्ची उलटी लटकत होती, आणि तिच्यावर राजेश्वरी आणि मुली ओढण्या हलवत होत्या.

"तू कंच्या खोलीत बसतीस गं?" आईनं विचारलं.

"वरनं दुसरी खिडकी. न्हाई, तुला खालनं."

आई कितीतरी वेळ त्या खिडकीकडे बघत राहिली. मग कुणाला न उद्देशून म्हणाली, "चांगला उजेड येत आसंल तितं." त्यानंतर पुढच्या वर्षी न येण्याचं हिरीचं बोलणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

दिवस मावळता मावळता चंद्र वर आला. सगळी वाडी रांगेत उभी राहिली. छकुलीची पाळी आली तेव्हा कान्हूभाऊंनी तिला उचलून धरलं. चंद्र इतका जवळ बघून तिनं तो धरायला हात पुढे केला, आणि तो हात थेट माझ्या नळकांड्याच्या तोंडात गेला. तिथल्या, उजेड भिंगाकडे वळवणाऱ्या छोट्या आरशावर तिचं बोट उमटलं. कोंबड्यांना दाणे टाकलेलं, मातीचं बोट.

हिरी घाबरली. तेजल मॅडम हसून म्हणाल्या, "राहू दे. उगाच घासलं तर चरे पडतील. सवडीनं धुऊ."

मित्रांनो, तो डाग अजून आहे. त्यामुळे मला काही कमी दिसत नाही. तुमच्याही शाळेत एखाद्या कपाटात माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल, काचेमागं, कुलपात, जपून ठेवलेलं. काम झालं की आमच्यावर झाकण घाला, ओलीपासून सांभाळा, कोरड्या फडक्यानं आरसा घासू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. पण आम्हाला बाहेर काढा. आम्हाला हात लागू देत, अगदी मातीचे लागले तरी चालतील.