पाठीवर बिऱ्हाड, पोटात पाणी

मित्रांनो, मी तुमच्या घरासमोरून कधी गेले असेन, तर तुम्ही मला पाहून नक्की हसला असाल. पुढून मी एक जुनी डिझेलची पिकअप आहे आणि मागून चक्क घर आहे. माझ्या पाठीवर खिडकी आहे, खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे, आत शेगडी आहे, पलंग आहे आणि पलंगाखाली पेटी आहे. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे हं, वाजवायची. गावात शिरले की पोरं ओरडतात, "सर्कस आली, सर्कस!" मला राग येत नाही. उलट बरं वाटतं. एका कडुलिंबाखाली गंजत उभ्या असलेल्या गाडीला पाहून कोण ओरडणार होतं?

माझा जन्म कारखान्यातला. इतर पिकअप मागच्या दोन चाकांच्या जोरावर पळतात. मला मात्र जन्मापासून एक जादा दांडा मिळाला आहे. तो ओढला की माझी पुढची चाकंही रेटायला लागतात आणि मी नाल्यातून, दगडांतून, चिखलातून बाहेर पडते. याच गुणासाठी कन्नड तालुक्यातल्या कडुबा नावाच्या शेतकऱ्यांनी मला पसंत केलं. माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाले, "चल माय, आता तूच आमची लक्ष्मी." मी त्यांचं अद्रक वाहिलं, मका वाहिला, एकदा तर अख्खं वऱ्हाड वाहिलं. नवरदेवाला चक्कर आली, पण लग्न लागलं!

पुढे दुष्काळाची वर्षं आली. शेतात न्यायला-आणायला काही उरलं नाही, तेव्हा माझ्या पाठीवर पाण्याची एक काळी टाकी चढली. आपलं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, त्या वर्षांत डोंगराच्या दिशेनं नुसतं वाढत सुटलं होतं. इमारती आधी उभ्या राहिल्या होत्या आणि नळ मागाहून येणार होते. खेड्यातल्या विहिरीवर भरायचं आणि नव्या इमारतीत रितं करायचं, हे माझं काम. मी वळणावर दिसले की वरच्या गॅलऱ्यांतून बायका ओरडायच्या, "आली, आली!" देवीची पालखी आल्यासारखं ते ओरडणं. पण परतीच्या वाटेवर, जिथली विहीर मी उपसून आणली होती त्याच गावच्या बायका रिकामे हंडे घेऊन कडेला उभ्या दिसत. त्या काही ओरडत नसत, नुसत्या बघत. कडुबांनाही ते दिसायचं. ते काच वर करून घ्यायचे.

मग मोठे टँकर आले आणि माझी गरज संपली. कडुबांनी मला घरामागच्या लिंबाखाली लावलं. एक चाक बसलं, मग दुसरं. माझ्या सीटखाली एका कोंबडीनं अंडी घातली. पिल्लं बाहेर पडली, मोठी झाली, तरी माझ्याकडे कुणी आलं नाही. टाकून दिलेल्या वस्तूला वाईट कशाचं वाटतं सांगू? गंज चढतो त्याचं नाही. आपल्याला आता कुणी हाक मारत नाही, त्याचं.

आणि अशा वेळी उमाताई आल्या.

उमाताई आणि मुकुंदबुवा हे शहरातल्या औरंगपुऱ्यातलं जोडपं. बुवा पिढीजात कीर्तनकार. नोकरी कचेरीत केली, पण जीव कीर्तनात. बुवा उभे राहून गाणार, मधेच कथा सांगणार, हसवणार, रडवणार आणि उमाताई शेजारी पेटीवर. मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, मित्रांनो. इंजिनाचे, हॉर्नचे, भांडणांचे. पण जो समोरच्या माणसांना आधी त्यांच्या सुखदुःखातून उठवून मग अलगद देवाच्या पायाशी नेऊन बसवतो, तो आवाज कीर्तनकाराचाच. शहरात त्यांच्या देवळाचं पटांगण मोटारी लावण्यात गेलं होतं. खेडी मात्र बुवांना अजून बोलवत होती.

तरी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बुवांनी कीर्तन सोडलं होतं. पैठणच्या वाटेवरच्या एका खेड्यात ते दुष्काळात गेले होते. रीतीप्रमाणे यजमानांकडे उतरले. यजमानीणबाईंनी अंघोळीला कढत पाणी काढलं आणि बुवा गात गात अंघोळ करून आले. संध्याकाळी त्यांना कळलं की ते त्या घराचं दोन दिवसांचं पाणी होतं. बुवांनी उपरणं घडी घालून पिशवीत ठेवलं. म्हणाले, "ज्या गावाला पाणी नाही, त्या गावाचं पाणी पिऊन मी देवाचं नाव घेणार नाही." आणि पाणी नसलेली गावंच तर त्यांना बोलवत होती! बुवा घरात बसून वाळायला लागले. उमाताईंना ते बघवेना.

म्हणून त्यांना हवी होती अशी गाडी, जी कुठल्याही वाटेनं जाईल आणि आपलं पाणी, आपली चूल, आपलं अंथरूण घेऊन जाईल. गावावर भार नको. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही चालेल."

बुवा म्हणाले, "अगं, हिच्यात कोंबड्या राहतात!"

"राहतात ना? म्हणजे राहण्यासारखी आहे."

चिकलठाण्याच्या बाजूला राजकुमार मिस्त्रींचं बॉडी बांधायचं दुकान. कडुबांशी व्यवहार ठरला आणि मला ओढत तिथं नेलं. मिस्त्रींनी आधी माझं इंजिन उतरवून धुतलं, मग गंजलेला हौदा कापून काढला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मग लोखंडी अँगलचा सांगाडा उभा राहिला. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड आणि दोन्हींच्या मधे थर्माकोल, म्हणजे उन्हाळ्यात आतली माणसं भाजणार नाहीत. वजन वाढणार म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा जास्त घातला. खोल नक्षीचे जाड टायर आले, टपावर सौरऊर्जेचा तक्ता आला, दिव्यांसाठी दुसरी बॅटरी आली. पाण्याची टाकी पलंगाखाली, अगदी तळाशी बसवली. वर ठेवली असती, तर घाटात मी दारुड्यासारखी डोलले असते.

"ताई, शेगडी हितं, पेटी तितं. अन् हे काय आणलंत?"

"देव आहेत. त्यांना कोपरा हवा."

"गाडी दगडातून चालली की देव पडतील ना!"

"तुमच्या हातचा खिळा असल्यावर कसे पडतील?" राजकुमार मिस्त्रींनी देवांना रबराची बैठक करून दिली.

बुवा स्टुलावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "नारद तिन्ही लोक फिरले, पण त्यांना पलंग लागला नाही."

"त्यांना बायको नव्हती," उमाताई म्हणाल्या. वेल्डिंग करणारी माणसंसुद्धा काम थांबवून हसली. बुवाही हसले. बऱ्याच दिवसांनी हसत असावेत, कारण उमाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

सरकारी तपासणी झाली, नव्या रूपाची नोंद झाली आणि पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात आम्ही निघालो. गाडी उमाताईच चालवायच्या. बुवा शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घ्यायचे, त्यामुळे त्यांचं नामस्मरण भरपूर व्हायचं. पहिलं बोलावणं देवगाव रंगारीच्या पुढं, डोंगरातल्या एका वस्तीचं होतं. तिथले अप्पाराव पखवाज वाजवत. ते म्हणाले होते, "बुवा, दुष्काळानं माणसं एकमेकांशी बोलायची थांबलीत. एक कीर्तन करा."

डांबर संपलं, मग मुरूमही संपला. कोरड्या नाल्यातून, डोक्याएवढ्या दगडांवरून जायचं होतं. उमाताईंनी तो माझा दांडा ओढला. चारही पायांनी मी चढले, मित्रांनो! इतक्या वर्षांनी! वर पोहोचलो तेव्हा सपाट जागा फक्त चिंचेखाली होती, गीताबाईंच्या दारापुढं. तिथंच मला लावलं.

गीताबाई घरातून बाहेर आल्या. साठीच्या, ताठ कण्याच्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पेला. "जयभीम. लांबून आलाव. घ्या, पानी घ्या."

उमाताई घाईघाईनं म्हणाल्या, "अहो नको, नको! ठेवा तुम्ही. आम्ही आमचं पाणी घेऊन आलोय. आम्ही कुणाकडचं घेतच नाही."

किती चांगल्या मनानं बोलल्या त्या! आणि किती वाईट ऐकू आलं ते! गीताबाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी पेला तांब्यावर पालथा घातला आणि आत गेल्या. दारातूनच शेजारणीला म्हणाल्या, "झाकून ठेव माय. बामनाच्या गाडीला आपलं पानी चालत नाय."

ते मी ऐकलं. उमाताईंनी ऐकलं नाही. त्यांनी माझं मागचं दार उघडलं, माझ्या तोटीला पातेलं लावलं आणि सगळ्या वस्तीदेखत चहा टाकला. जी माणसं जमली होती, ती एकेक करून उठून गेली.

अप्पाराव कान खाजवत जवळ आले. "ताई, एक बोलू का? राग नका मानू. तुमी आज गीताबाईचं पानी परतवलं."

"अहो, तुमचं पाणी वाचावं म्हणूनच तर ही गाडी बांधली!"

"ते तुमच्या मनात हाय. लोकास्नी मन दिसत नाय, तुमची टाकी दिसती. तिच्या आईला गावच्या विहिरीवर कुनी पानी भरू देत नव्हतं. ते तिनं लहानपनी डोळ्यानं बघितलंय. आज संध्याकाळी निम्मी वस्ती कीर्तनाला येनार नाय."

उमाताईंनी हातातला कप खाली ठेवला. बुवा पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मला पुन्हा त्या घडी घातलेल्या उपरण्यासारखा दिसायला लागला. "उमा, गाडी वळव," ते म्हणाले. "पाणी घेतलं तरी पाप, नाही घेतलं तरी पाप. माझ्या तोंडून आता कीर्तन निघायचं नाही. आज नाही, कधीच नाही."

मला वाटलं, संपलं. बुवा परत घरात आणि मी परत लिंबाखाली. पण उमाताईंनी किल्ली फिरवली नाही. त्या उतरल्या आणि बुवांचा हात धरून गीताबाईंच्या दारात गेल्या. दार माझ्यापासून चार पावलांवर. मला सगळं दिसत होतं.

बुवा हात जोडून म्हणाले, "बाई, चूक झाली. मी कीर्तनात उभा राहून, सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

"नका मागू," गीताबाई निवडत असलेल्या तुरीच्या सुपावरून मान वर न करता म्हणाल्या. "तुमी माफी मागितली की लोक म्हनतील, बुवा लई मोठ्या मनाचे. टाळ्या वाजवतील. अन् मी कोन? जिचं पानी घेतलं नाय, ती."

बुवांनी जोडलेले हात खाली घेतले.

"मग काय करू, ते तुम्हीच सांगा," उमाताई म्हणाल्या.

गीताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "तुमच्या गाडीत पानी किती हाय?"

"आठवडाभराचं."

"आना मंग. माझ्या रांजनात वता."

आणि मित्रांनो, माझी तोटी उघडली. उमाताई घागर भरून नेत होत्या, बुवा कळशी भरून नेत होते. मग अप्पाराव आले, मग मघाशी उठून गेलेल्या दोन बायका आल्या. माझं पोट हलकं होत गेलं. गीताबाईंच्या रांजणात तळाला थोडं पाणी होतं, त्यावर माझं चढत चढत काठाला आलं. गीताबाईंनी लांब दांड्याचं ओगराळं घेतलं आणि तळापासून ढवळलं. "आता सांगा बरं, ह्यातलं तुमचं कोन्तं अन् माझं कोन्तं?"

त्यांनी पेला भरून बुवांपुढं धरला. बुवा पायरीवर बसले, दोन्ही हातांनी पेला घेतला आणि सावकाश सगळा प्यायले. मग उमाताई प्यायल्या. मग त्याच पेल्यानं गीताबाई.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "भाकरी टाकते. जेवल्याबिगर कसलं कीर्तन?"

पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. बुवांना ठेचा लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा गीताबाई पहिल्यांदा हसल्या. "बुवा, आता तर पेलाभर अजून लागंल!" मग म्हणाल्या, "एक आधीच सांगते. आमी तुमच्या देवाला हात जोडनार नाय."

"आणि कान?" बुवांनी विचारलं.

"कान उघडे हायत. गानं चांगलं असलं तर बसू, नाय तर उठून जाऊ."

"यापेक्षा चांगला श्रोता मला मिळायचा नाही," बुवा म्हणाले आणि पिशवीतून उपरणं काढून त्यांनी खांद्यावर टाकलं.

दिवस मावळताना माझे दिवे लागले. माझी मागची पायरी झाली व्यासपीठ. मधल्या विसाव्याला कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा, अशी रीत. दुष्काळात फुलं कुठली? अप्पारावांनी लिंबाच्या डहाळ्यांचा हार केला होता. बुवा त्या दिवशी काय गायले, ते मी सांगणार नाही. कीर्तन हे सांगायचं नसतंच, तिथं असावं लागतं. एवढंच सांगते की सगळी वस्ती आली होती. गीताबाई शेवटपर्यंत बसल्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. आरती झाली तेव्हा त्या उठून घराकडे गेल्या आणि जाताना बुवांना म्हणाल्या, "आवाज चांगला हाय. घरात कोंडून नका ठेवू."

बुवा आजही गातात. आम्ही किती वस्त्या फिरलो, मी मोजलं नाही. आता माझं वय झालं आहे. थंडीत इंजिन लवकर धरत नाही, आणि सायलेन्सर कधी कधी बुवांच्या आधीच सूर लावतो. तरी उमाताई मला वेळेवर तेल देतात, ग्रीस देतात, टायरची हवा स्वतः बघतात. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, सायकल असेल, तिलाही एवढं द्या. उभी राहिलेली वस्तू पळणाऱ्या वस्तूपेक्षा लवकर झिजते, हे मी अनुभवानं सांगते.

आणि मित्रांनो, दुसऱ्यावर भार होऊ नका, हे तुम्हाला सगळेच शिकवतील. ते खरंच आहे. पण कुणाच्या दारात गेलात आणि त्यानं काही पुढं केलं, तर 'नको' म्हणायची घाई करू नका. देणाऱ्याचा हात हवेत राहिला की त्याला फार लागतं. घोटभर का होईना, घ्या. मग तुमच्याकडचं द्यायला सगळा दिवस पडलेला असतो.

बघा, बोलता बोलता पुढचं गाव आलं. एक म्हातारे गृहस्थ घराबाहेर येऊन उभे आहेत. त्यांच्या हातात काही आहे की नाही, ते इथून मला दिसत नाही. उमाताईंनी माझं इंजिन बंद केलं आहे. हातातली पिशवी, पाण्याची बाटली, चष्म्याची पेटी, सगळं त्यांनी सीटवर ठेवलं आहे आणि रिकाम्या हातांनी त्या खाली उतरत आहेत.