पोटाला चिकटलेल्या सात चिठ्ठ्या

मी सोडतीचा ड्रम बोलतोय. आवाज दोन ठिकाणांहून येतोय असं वाटलं तर दचकू नका. त्याचं कारण शेवटी सांगतो. थकलोय, दमाने ऐका.

जन्म माझा सरकीच्या तेलासाठी. तेल संपल्यावर जहीर मिस्त्रीने मला लोखंडी पायांवर आडवं चढवलं, पोटाला झडप केली आणि बाजूला हँडल लावलं. माझ्या पहिल्याच फेऱ्याच्या वाऱ्याने पार झरी जामणीच्या जंगलातली सागाची पानं हलली. जहीर म्हणतो, बेअरिंग वाजलं फक्त. त्याला ग्रीसपलीकडे काही दिसत नाही.

दरवर्षी तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल मिरवत चौकात आली की सोडत निघायची. पाच रुपयांचं तिकीट. बक्षिसं सायकल, मिक्सर, स्टीलचा हंडा. उरलेला पैसा गावाच्या भल्यासाठी. पण भलं म्हणजे काय, यावर पहिल्याच वर्षी सोडतीच्या समितीत चपला निघाल्या. तेव्हा अध्यक्ष किसनरावांनी तोडगा काढला. ज्याला गावासाठी जे हवं ते त्याने चिठ्ठीवर लिहून माझ्या पोटात टाकावं. निघेल तीच चिठ्ठी, आणि तिच्यात लिहिलं असेल तेच. चिठ्ठी काढणार त्यांची बायको इंदूबाई, डोळ्यांवर पदर ओढून.

लोक खूश. कुणाशी वाईटपणा नाही, सगळा दोष माझ्या माथी.

माझ्या पोटातून एका वर्षी कमान निघाली. एका वर्षी भोंगे निघाले. एकदा स्मशानात बसायला बाक निघाले. त्यांवर आजही धडधाकट माणसं पत्ते कुटतात.

निघालं नाही ते मानीबाईचं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची तान्ही लेकरं ती एका जुन्या गोठ्यात सांभाळायची. कापसाचा भाव पडत गेला, तशी तिच्याकडची लेकरं वाढत गेली. ओल्या बाळंतिणीसुद्धा मजुरीला निघू लागल्या. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वावटळीने गोठ्याचं छप्पर नेलं. छप्पर झालं नाही तर लेकरं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झोपणार, शेजारी फवारणी चाललेली. आणि लोकांच्या हातात पैसा नसल्याने तिकिटं खपेनात. त्या वर्षीची सोडत शेवटची, असं समितीने सांगून टाकलं होतं.

सोडतीच्या आदल्या दिवशी जहीरने माझं झाकण काढलं आणि डोक्याला हात लावला. आत, पत्र्याला, सात चिठ्ठ्या घट्ट चिकटलेल्या. सगळ्या मानीबाईच्या.

“अवो मानीबाई, हे काय करून ठेवलं?”

“दरसाली कळंबले जाऊन चिंतामणीच्या पायाशी ठेवतो ना भाऊ. मंग प्रसादाचा गूळ लावूनच टाकतो.”

“तुमच्या गुळानंच चिपकल्या ना बाई! देव तरी कुठून काढीन?”

त्याने त्या पाण्याने सोडवल्या, वाळवल्या आणि दुसऱ्या दिवशी भर चौकात यंदाच्या चिठ्ठ्यांसोबत, ज्यांत तिची छपराची चिठ्ठीही होती, माझ्या पोटात टाकल्या.

“जहीर, बेइमानी होऊन राह्यली हे,” किसनराव कडाडले.

“कायची बेइमानी? टाकल्या होत्या तिनं. निघायले भेटलंच नाई त्याइले.”

पदराआडून इंदूबाई म्हणाल्या, “टाकू द्या. कमानीवर तुमी आपलंच नाव हातभर लिहिलं, तवा म्या काही म्हटलं काय?”

चौक हसला. हँडल फिरलं. जन्मभर मी लबाडी केली नव्हती, त्या दिवशी केली. बाकीच्या साऱ्या चिठ्ठ्या मागे दाबून धरल्या. विश्वास बसत नसेल तर राहू द्या.

मानीबाईचीच चिठ्ठी निघाली. पण माझ्या घाईत निघाली ती सर्वांत जुनी. किसनरावांनी वाचलं, “दोन पाळणे.”

मानीबाई धावत पुढे आली. “अवो, हे पयल्या सालची. तवा पाचच लेकरं होती माह्याजवळ. आता छप्पर पाह्यजे ना!”

“लिहिलं तेच. नियम म्हणजे नियम.”

ज्या लेकरांसाठी तिने पाळणे मागितले होते, ती समोरच लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून उभी होती.

जहीरने माझ्या पोटावर थाप मारली. “किसनभाऊ, सोडत तर बंदच होऊन राह्यली. मंग हा ड्रम कायले ठेवता? दोन पाळणे मी देतो, फुकट. पैसा छपराले लावा.”

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. इंदूबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला होता आणि त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

“लावा,” किसनराव म्हणाले.

जहीरने मला उभं चिरलं. धारेवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, दोर बांधले. म्हणून मी दोन ठिकाणांहून बोलतो. वर गोठ्याच्या छपराची नवी टिनं आहेत. आयुष्यभर फिरून दमलो, आता झुलतो.

एकच मागणं आहे. गावाने पुन्हा पैसा गोळा केला तर माझ्यासारखा दुसरा ड्रम बनवू नका. कुणाला काय हवंय ते आधी त्याच्या दारात जाऊन विचारा. सगळं माझ्यावर ढकललंत, आणि मला तर गूळसुद्धा सोडवता आला नाही.

आता उठा, आणि जाताना पाय वाजवू नका. माझ्या डाव्या अर्ध्यातलं लेकरू आत्ताच झोपलंय.