धुरपताबाईची नळी

नांदेडच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात धुरपताबाई एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. साठ मुलींच्या भाकऱ्या दोघीजणी थापायच्या, ती आणि नागुबाई. मुली जेवून गेल्या की दोघी चुलीपाशीच ताटं ओढून बसायच्या. त्या हिवाळ्यात नागुबाईच्या ध्यानात आलं, की धुरपताबाई आधी भाकरी कालवणात कुस्करायला लागली, मग नुसतं वरण प्यायला लागली, आणि आता "भूक न्हाई" म्हणून सरळ भांड्यांकडं वळते.

"दात दुखून राहिलेत का गं?"

"हाव," धुरपताबाई म्हणाली.

दात चांगले होते. घास छातीच्या मधोमध अडायचा. वरून पाणी प्यायलं तर तेही तिथंच थांबायचं आणि दोन्ही परत यायचं. मोरीत जाऊन ती ओकायची, तोंड धुऊन कामाला लागायची. सांगायचं कुणाला? नवरा पंधरा वर्षांपूर्वी दुसरं घर करून गेला होता. मूल नव्हतं. धाकटा भाऊ ग्यानोबा तेवढा होता, लातूरला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि तिथल्या नव्या कलेक्टर कचेरीत तो कारकून होता. आई गेल्यावर धुरपताबाईनंच त्याला वाढवलं, शिकवलं.

जानेवारीत ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली तेव्हा वॉर्डनबाईंनी तिला दवाखान्यात नेलं. दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. तार मिळताच ग्यानोबा आला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून घेतलं. आत आला तेव्हा तो हातातल्या कागदाकडंच बघत होता.

"काय म्हणले?"

"गाठ हाय आक्का. अन्ननळीत. हैदराबादला जाऊन किरणांचा शेक घ्यावा लागतो."

"कॅन्सर म्हण की."

ग्यानोबानं कागदाची घडी घातली.

थुंकीसुद्धा उतरेनाशी झाली होती, म्हणून आधी नांदेडलाच तिच्या पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली. नळीच्या तोंडाला नरसाळं लावायचं, दूध किंवा गाळलेली आंबील ओतायची, वरून पाणी सोडायचं आणि चिमटा लावून टाकायचा. नर्सनं दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा धुरपताबाईनं स्वतः केलं. दूध पोटात गेलं. जिभेला कळलंच नाही. चुलीपुढं जन्म घालवलेल्या बाईला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

हैदराबादला ग्यानोबा तीन दिवस राहिला. मग त्याला जावं लागलं. दुष्काळाचं साल होतं, टँकरच्या गावांच्या याद्या त्याच्याकडं होत्या, रजा वाढवून मिळत नव्हती. पुढचे पाच आठवडे ती एकटी होती. रोज सकाळी थंडगार खोलीत उताणं झोपायचं, छातीवर जांभळ्या शाईच्या खुणा, आणि सगळ्यांनी बाहेर जाऊन जाड दार लावून घ्यायचं. "हिलो नक्को अम्मा," जाता जाता आया म्हणायची. दिवसभरात तिच्याशी बोललेले शब्द कधी कधी तेवढेच असायचे. जेवणाच्या वेळी वॉर्डात डबे उघडले, की ती नळी पदराखाली धरून जिन्याखाली जाऊन बसायची. तिचं पोट लोकांनी बघावं असं तिला वाटत नव्हतं आणि लोकांचे घास तिला बघवत नव्हते.

शेक संपल्यावर ग्यानोबानं तिला लातूरला नेलं. घर दोन खोल्यांचं, लेकरं दोन. भावजय चांगुणा पाण्याच्या रांगेतून घागर घेऊन आली ती दारातच थांबली. तिनं विचारपूस केली, मागच्या पडवीत बाज टाकून दिली. दुसऱ्या दिवशी बाजेखाली एक ताटली, एक पेला आणि एक तांब्या ठेवलेला दिसला. तिन्हींना लाल रंगाचा ठिपका लावला होता. लेकरांना पडवीत यायला बंदी होती.

धुरपताबाईनं आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी सकाळी चांगुणा वरून धार धरून तिच्या तांब्यात पाणी ओतत होती, तांब्याला घागर लागू न देता. तेव्हा ती म्हणाली, "चांगुणे, हे मी बघितलेलं हाय."

"काय, आक्का?"

"अशी धार. आमच्या गावच्या हाटेलात आमच्या मायला असंच पाणी वाढायचे. कपबशी भाईर वळचणीला ठिवलेली असायची, आमच्या लोकांची. मायनं ती फोडली आन् पुन्हा त्या हाटेलाची पायरी चढली न्हाई."

चांगुणाचा चेहरा पडला. "तसं न्हाई आक्का. लेकरं लहान हाईत. शेजारची म्हणली, लागतो हा रोग."

"डॉक्टरला इच्यारलंस का?"

चांगुणा घागर घेऊन आत गेली. ग्यानोबा आतल्या खोलीत सदऱ्याच्या गुंड्या लावत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला नाही.

दुपारी धुरपताबाईनं पिशवी भरली आणि स्टँडवर जाऊन नांदेडची गाडी धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा पोटात आग पडली होती. जिना नव्हता, पडवी नव्हती, आडोसाच कुठं नव्हता. तिनं पेलाभर दूध घेतलं, बाकावर बसली, नळी काढली, नरसाळं लावलं. चहावाला, वाहक, दोन बाया, सगळे बघत राहिले. तिनं दूध सावकाश ओतलं, पाणी सोडलं, चिमटा लावला आणि नरसाळं धुऊन पिशवीत ठेवलं.

वसतिगृहात वॉर्डनबाई म्हणाल्या, "धुरपताबाई, तुम्ही आराम करा. पोरींचे आईबाप काय म्हणतील?"

"आईबाप इच्यारतील तवा दवाखान्याचा कागद दावा त्याह्यला. हात चांगलेत माजे."

जूनमध्ये ती पुन्हा चुलीपुढं बसली. तिखटमिठाची चव नागुबाई घ्यायची. पण मुली जेवून गेल्या की नागुबाई आता ताट घेऊन व्हरांड्यात जायची. "तुझ्यासमोर कसं खाऊ?" म्हणायची. ती मायेनंच म्हणायची. धुरपताबाई चुलीपाशी एकटीच उरायची.

जुलैअखेर ग्यानोबा वसतिगृहामागच्या तिच्या खोलीवर आला. बाजेच्या कडेला टेकून बराच वेळ कचेरीचं सांगत राहिला, टँकर, याद्या, साहेब. तिनं त्याला जेवू घातलं. त्यानं खाली मान घालूनच खाल्लं.

"तुझं, आक्का?"

"आता हाय माजं. बस. हे धर."

तिनं नरसाळं त्याच्या हातात दिलं. त्यानं धरलं. दूध उतरेपर्यंत तो भिंतीकडं बघत होता. पण नरसाळं त्यानं सोडलं नाही.

"आक्का, त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं."

"पायजे होतं," ती म्हणाली.

चारच्या गाडीनं तो गेला. हैदराबादच्या तपासणीला येतो म्हणाला होता. ऑगस्टात तारीख आली तेव्हा त्याचं पत्र आलं, की रजा मंजूर झाली नाही. ती एकटीच गेली.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. "गाठ गेलेली नाही, पण आकसलीय. वाट थोडी मोकळी झालीय. घोट घोट पाणी पिऊन बघा."

ती घाबरली होती. त्या दिवशी तिनं प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसली तरी प्यायलं नाही. धर्माबादला गाडी बराच वेळ उभी राहिली. पावसाळा कोरडाच चालला होता, प्लॅटफॉर्मवरच्या एकाच नळाला बारीक धार होती आणि घागरी घेऊन गावातल्या बाया उभ्या होत्या. धुरपताबाई उतरली. तिनं ओंजळ धरली आणि एक घोट तोंडात घेतला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग गिळला.

घशात जळजळलं. छातीत तो घोट अडला, थांबला, आणि मग खाली गेला. गार, पोटापर्यंत. तिनं दुसरा घेतला. तोही गेला.

तिनं आजूबाजूला बघितलं. शेजारी कडेवर घागर घेतलेली एक अनोळखी बाई होती.

"उतरलं," धुरपताबाई तिला म्हणाली. "पाणी उतरलं."

"हाव माय," ती बाई घागर पुढं सरकवत म्हणाली, "औंदा समद्याच हिरींचं उतरलंय."

गाडीनं शिटी दिली. धुरपताबाईनं ओंजळ पुन्हा भरली, आणि ती सांडू न देता डब्याकडं निघाली.